नळ उघडे ठेवून निघा
हिवाळाभर उभ्या राहणाऱ्या कॅराव्हॅनची तयारी: काम किती, खर्च किती

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात आई साताऱ्याहून आमच्याकडे डर्बीला आली होती. स्टोअरेज यार्डात कॅराव्हॅन आवरायला निघालो, तर तीही बरोबर आली. मी ओट्याचा नळ उघडा टाकला, बाथरूमचा टाकला, शॉवर उघडा टाकला आणि दाराला कुलूप लावायला लागलो.

"अरे, नळ उघडे राहिलेत की!" ती पायरीवरूनच ओरडली.

"तसेच ठेवायचेत, आई. मार्चपर्यंत."

दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात जिने संसार केला, तिला हे पटणं कठीणच होतं. मलाही ते सहज पटलं नव्हतं. व्हॅन घेतल्यावरच्या पहिल्या हिवाळ्यात मी टाकी रिकामी केली, पंप बंद केला आणि लहानपणापासूनच्या सवयीने सगळे नळ घट्ट बंद करून घरी आलो. ईस्टरला पाणी भरलं तेव्हा बाथरूमच्या नळाच्या बुडातून पाण्याची बारीक धार थेट कपाटात जात होती. आतलं सिरॅमिक कार्ट्रिज तडकलं होतं. नवा नळ 65 पौंड, मजुरी 90 पौंड आणि कपाटाची फुगलेली फळी आजही माझ्याकडे बघत असते. हे सगळं नळात अडकलेल्या दोन-तीन चमचे पाण्याने केलं.

गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं. जागा असेल तर ते फुगून गप्प बसतं, जागा नसेल तर नळ, पंप किंवा बॉयलर फोडून ती करून घेतं. म्हणून हिवाळ्याच्या तयारीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम फुकटात होतं आणि दुकानात मिळणाऱ्या बहुतेक वस्तू त्यानंतर येतात. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. किमती ब्रिटनमधल्या आणि ढोबळ आहेत. लंडनच्या आसपास त्या चढ्या असतात, उत्तरेकडे थोड्या उतरतात.

तारीख कोणती धरायची?

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर मागे जातं. तोच दिवस पाणी काढण्याचा, असं पक्कं धरा. दिवाळीही त्याच्या आगेमागेच असते, त्यामुळे लक्षात राहायला सोपं जातं: फराळाचे डबे रिकामे व्हायच्या आत व्हॅनमधलं पाणी रिकामं. मिडलंड्समध्ये पहिलं गोठलेलं दहिवर नोव्हेंबरच्या आधीही पडू शकतं आणि स्कॉटलंडमध्ये त्याहून लवकर. "आमच्याकडे एवढी थंडी पडत नाही" यावर विसंबू नका. 2010चा डिसेंबर ब्रिटनमधला शंभरहून अधिक वर्षांतला सर्वांत थंड डिसेंबर ठरला. 2018 साली तर फेब्रुवारी संपता संपता, वसंताची वाट बघत असताना, बर्फाचं मोठं वादळ आलं.

पाणी काढणं: खर्च शून्य, वेळ तासभर

क्रम महत्त्वाचा आहे.

1. पाणी तापवणारा हीटर आदल्या दिवशीच बंद करा. गरम पाणी अंगावर घ्यायची हौस नसेल, तर ते निवू द्या.

2. कंट्रोल पॅनेलवरून पंप बंद करा आणि मगच नळ उघडा. पंप चालू ठेवून नळ उघडलात तर तो कोरडा फिरत राहील.

3. बाहेरचा पाण्याचा पिंप सोडवा. पाण्यात बुडणारा पंप असेल तर तो उलटा धरून झटका, त्यात हमखास घोटभर पाणी उरतं. हा पंप घरी न्या.

4. सगळे नळ उघडा. एकदांडी मिक्सर असेल तर दांडी वर करून बरोबर मध्ये ठेवा, म्हणजे गरम आणि थंड अशा दोन्ही वाटा मोकळ्या होतात. दांडी एका बाजूला राहिली की दुसऱ्या बाजूचं पाणी आतच अडकतं. माझी पहिल्या वर्षीची चूक दुसऱ्या वर्षी या रूपात पुन्हा होता होता राहिली.

5. हीटरची ड्रेनची तोटी उघडा. ट्रूमा कंपनीच्या नेहमीच्या हीटरला ती पिवळी असते आणि बहुधा पलंगाखाली किंवा कपाटाच्या तळाशी लपलेली असते. टाकी 10 ते 14 लिटरची असते. व्हॅनच्या खालून धो-धो पाणी पडलं नाही तर काही तरी चुकलं आहे असं समजा. ही तोटी हिवाळाभर उघडीच राहू द्या.

6. शॉवरचं डोकं काढून घ्या आणि नळी खाली सोडा. फिल्टरची कांडी काढून टाका. तिच्यात स्पंजासारखं पाणी भरलेलं असतं. वसंतात नवी लागेलच: 15 ते 25 पौंड.

7. टॉयलेटची फ्लशची टाकी आणि कॅसेट दोन्ही रिकामी करून धुवा. कॅसेटच्या रबरी सीलला त्यासाठीच मिळणारं वंगण लावा (साधारण 8 पौंड) आणि झडप अर्धवट उघडी ठेवा, म्हणजे ती चिकटून बसणार नाही. व्हॅसलीन लावू नका, त्याने रबर खराब होतं.

आता एक युक्ती. तोट्या आणि नळ उघडे ठेवूनच व्हॅन यार्डाकडे ओढत न्या. रस्त्यावरचे खड्डे, वळणं आणि ब्रेक यांनी पाइपांतलं उरलंसुरलं पाणी हलून बाहेर पडतं. पुणे-सातारा रस्त्याची आठवण येईल असा एखादा रस्ता वाटेत लागला, तर तो या दिवसापुरता उपयोगीच म्हणायचा!

तरीही एक जागा उरते. पाणी उलटं जाऊ नये म्हणून आत एकेरी झडपा बसवलेल्या असतात आणि त्यांच्यामागे थोडं पाणी अडकून राहतं. टायरच्या कॉम्प्रेसरला जोडून हवेने पाइप झाडायचं किट 35 ते 60 पौंडांना मिळतं. दाब अगदी कमी ठेवा, कारण पाइपांचे जोड नुसते दाबून बसवलेले असतात. एकदा घेतलं की हे किट वर्षानुवर्षं चालतं. पहिल्या खरेदीला मी याच्यावरच पैसे घालीन.

स्वतः करायचं नसेल तर दारात येणारा मोबाइल इंजिनिअर हेच काम 40 ते 80 पौंडांत करतो. पहिल्या वर्षी त्याला बोलवा आणि शेजारी उभं राहून बघा. तोट्या कुठे आहेत त्यांचे फोटो काढून ठेवा. पुढच्या वर्षी तुमचे पैसे वाचतील.

अमेरिका आणि कॅनडातल्या वाचकांसाठी दोन ओळी. तिथे बऱ्याच भागांत थंडी उणे वीस-तीसची असल्याने नुसतं पाणी काढून भागत नाही. प्रॉपिलीन ग्लायकॉलचं गुलाबी आरव्ही अँटिफ्रीझ पाइपांतून फिरवतात. हीटर बायपास केला तर दोन-तीन गॅलन पुरतात आणि गॅलनला चार ते सात डॉलर पडतात. मात्र मोटारीच्या रेडिएटरचं अँटिफ्रीझ पिण्याच्या पाण्याच्या पाइपात कधीही घालू नका. त्यातलं एथिलिन ग्लायकॉल विषारी असतं.

"त्यापेक्षा हीटर लावून ठेवला तर?"

हा प्रश्न दर वर्षी कोणी तरी विचारतंच. हिशेब करू. 500 वॉटचा हीटर दिवसभर चालला तर 12 युनिट जळतात. युनिटला 26 पेन्स धरले तर दिवसाचे 3 पौंड 12 पेन्स, नव्वद दिवसांचे 280 पौंड. थर्मोस्टॅटमुळे तो तिसरा हिस्साच वेळ चालला असं मानलं तरी 90 पौंडांच्या पुढेच. एवढं करून एका रात्री वीज गेली किंवा फ्यूज उडाला की सगळं मुसळ केरात. यार्डात तर बहुतेक ठिकाणी वीजच नसते.

व्हॅन दारात असेल आणि ओल कमी ठेवायला थोडी ऊब द्यायची असेल तर तेलाचा रेडिएटर अगदी खालच्या खुणेवर लावा. फॅन हीटर लावून घरात निघून जाऊ नका. आणि हीटर लावला तरी पाणी काढावंच लागतं. अल्डे कंपनीची पाण्याची हीटिंग असलेल्यांनी त्या बंद वाहिनीतलं ग्लायकॉलचं द्रव तसंच राहू द्यायचं, ते काढायचं नाही. ते जुन्या प्रकारचं असेल तर दर दोन वर्षांनी आणि लांब टिकणारं असेल तर पाच वर्षांनी बदलतात. मात्र नळाचं पाणी तापवणारा भाग तिथेही रिकामा करायलाच हवा.

बॅटरी: भरलेली असेल तर थंडीला भीत नाही

पूर्ण भरलेली लेड-ॲसिड बॅटरी ब्रिटनच्या थंडीत गोठत नाही. पार उतरलेली मात्र उणे सात-आठ अंशांच्या आसपासही गोठू शकते, कारण तिच्यातलं ॲसिड जवळजवळ पाणीच झालेलं असतं. गोठली नाही तरी महिनोन्महिने उतरलेली राहिली की ती कायमची मरते. नवी लेजर (leisure) बॅटरी 90 ते 150 पौंडांना पडते.

स्वस्त मार्ग असा: बॅटरी काढून घरी आणा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा. स्मार्ट चार्जर 30 ते 70 पौंडांना मिळतो. मल्टिमीटरवर 12.7 व्होल्ट दिसले म्हणजे भरलेली, 12.4 दिसले की चार्जर लावायची वेळ झाली.

पण व्हॅनमध्ये अलार्म किंवा ट्रॅकर असेल आणि विम्याची तशी अट असेल, तर बॅटरी काढणं तुमच्या हातात राहत नाही. तेव्हा छतावरचं सोलर पॅनेल स्वच्छ ठेवा आणि महिन्याला एक फेरी मारून व्होल्ट बघा. डिसेंबरातलं ऊन तिथे फार काही देत नाही. लिथियम बॅटरीवाल्यांनी एकच नियम पाळायचा: शून्याखाली तापमान असताना ती चार्ज करायची नाही.

ओल: हळू काम करणारा चोर

गोठलेलं पाणी एका रात्रीत नुकसान करतं, ओल चार-पाच हिवाळे घेते, पण बिल मोठं तिचंच असतं. आतल्या लाकडी सांगाड्यापर्यंत ती पोचली की दुरुस्ती काही शे पौंडांपासून दोन हजारांच्याही पुढे जाते.

काम सोपं आहे. गाद्या घरी आणा. जागा नसेल तर बाहेरच्या भिंतीपासून दूर, उभ्या करून ठेवा. कपाटांची, ओव्हनची, फ्रीजची दारं उघडी ठेवा. फ्रीजचं दार किंचित उघडं अडकवायची खास खुंटी असते, ती वापरा, नाही तर वसंतात आतून येणारा कुबट वास जूनपर्यंत पाठ सोडत नाही. पडदे-ब्लाइंड ओढून ठेवू नका. महिनोन्महिने ताणलेल्या स्प्रिंगा सैल पडतात. शिवाय आत चोरण्यासारखं काही नाही हे बाहेरून दिसलेलं बरंच. मसाल्याचा डबा, बिस्किटांचा पुडा, चहाची पावडर, सगळं घरी न्या. उंदराला एक पोह्याचा दाणासुद्धा पुरतो.

जमिनीतल्या आणि छतातल्या कायमच्या व्हेंटना बोळे कोंबू नका. त्या सुरक्षिततेसाठी असतात, आणि हवा खेळली तर ओल धरत नाही. ओल शोषणाऱ्या खड्यांचा डबा 5 ते 10 पौंडांना मिळतो. त्याचा उपयोग होतो, पण डबा भरला की रिकामा करायला कोणी तरी जायला हवं. वर्षातून एकदा ओल मोजायच्या मीटरने (15 ते 40 पौंड) खिडक्यांचे कोपरे आणि छताच्या कडा तपासा. 15 टक्क्यांखाली असेल तर निश्चिंत राहा, 15 ते 20 म्हणजे लक्ष ठेवा, 20च्या वर गेलं की जाणत्याला दाखवा.

चाकं, ब्रेक आणि गॅस

सपाट जागेवर चाकांना ठोकळे लावून हँडब्रेक सोडून ठेवा. लावून ठेवलात तर ब्रेकचे शू ड्रमला चिकटतात आणि मार्चमध्ये व्हॅन जागची हलत नाही. ब्रेक मोकळे करायला इंजिनिअर बोलावलात की 60-80 पौंड गेलेच. मात्र जमीन उताराची असेल तर आधी यार्डवाल्याला विचारा.

टायर चार महिने एकाच जागी दबून राहतो. दर महिन्याला व्हॅन पाऊण फूट पुढे-मागे करा, नाही तर चाकं काढून लोखंडी विंटर स्टँडवर ठेवा (जोडी 40 ते 60 पौंड). स्टँड घेण्याआधी विम्याची पॉलिसी वाचा. चाकाला क्लॅम्प हवाच अशी अट असेल तर चाक काढून ठेवणं अंगाशी येईल. टायरच्या कडेवरचे चार आकडे बघा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. 1821 म्हणजे 2021च्या अठराव्या आठवड्यातला. कॅराव्हॅनचे टायर झिजून नव्हे, वयाने जातात. पाच वर्षांनी बदलावेत आणि सातच्या पुढे नेऊच नयेत.

गॅसची टाकी बंद करून सोडवा. पुष्कळ यार्डांत ती ठेवायलाच मनाई असते. घराच्या आत मात्र आणू नका. बाहेर, उभी, मोकळ्या हवेत ठेवा. हिवाळ्यात व्हॅन वापरायचा विचार असेल तर लक्षात ठेवा: निळ्या टाकीतल्या ब्युटेनचा गॅस होणं शून्याच्या आसपास थांबतं. लाल टाकीतला प्रोपेन उणे 42पर्यंत साथ देतो.

कव्हर घ्यायचं की नाही?

आधी धुवा. 10-12 पौंडांची क्लीनरची बाटली दोन-तीन वर्षं पुरते. छतावरची हिरवी शेवाळी तशीच राहिली तर वसंतात ती खरवडावी लागते. कव्हर घालायचं तर व्हॅन स्वच्छ आणि कोरडी असताना, आणि हवा जाणारं घ्या. घाणीवर कव्हर घातलं की ते वाऱ्याने हलतं आणि खिडक्यांचं ॲक्रिलिक घासून पांढरं होतं. प्लास्टिकची ताडपत्री तर मुळीच नको, आत घाम धरतो. मापाचं चांगलं कव्हर 250 ते 500 पौंडांना पडतं, सरसकट मापाचं शंभराच्या आसपास. झाडाखाली उभी राहणारी व्हॅन असेल तर घ्या. उघड्या, वाऱ्याच्या मैदानात ते फडफडून फायद्यापेक्षा नुकसानच जास्त करतं. मी घेतलेलं नाही.

यार्ड, सर्व्हिस आणि विमा

बाहेरच्या स्टोअरेजला वर्षाला साधारण 400 ते 900 पौंड पडतात. दारात उभी करणं फुकट, पण नव्या वसाहतींच्या घराच्या कागदपत्रांत कॅराव्हॅनला मनाई असू शकते, आधी तपासा. कासोआ या संघटनेने ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशी श्रेणी दिलेल्या यार्डात ठेवल्यावर बरेच विमेवाले हप्त्यात सवलत देतात. यार्डाचं भाडं थोडं जास्त असलं तरी ही सवलत वजा करून मगच तुलना करा.

वार्षिक सर्व्हिस एका ॲक्सलच्या व्हॅनला 220 ते 280 पौंड, दोन ॲक्सलला 250 ते 350. ओल न लागण्याची कंपनीची वॉरंटी शाबूत ठेवायची तर ती दर वर्षी ठरलेल्या मुदतीत करावीच लागते. वसंतात तारखा मिळत नाहीत, म्हणून लोक हिवाळ्यात सर्व्हिस करून घेतात. इथे एक खाच आहे: सर्व्हिसमध्ये पाण्याची चाचणी होते. म्हणजे तुम्ही ऑक्टोबरात काढलेलं पाणी जानेवारीत वर्कशॉप पुन्हा भरतं. व्हॅन ताब्यात घेताना "पाणी काढलंत ना?" हे विचारा आणि नळांच्या दांड्या स्वतः बघा.

पॉलिसीही आजच उघडा. पाणी न काढल्यामुळे झालेलं नुकसान कित्येक पॉलिसींत भरून मिळत नाही.

एकूण हिशेब

हात आखडता: पाणी स्वतः काढणं, बॅटरी घरी, गाद्या घरी, ओल शोषणारे दोन डबे. 10 ते 20 पौंड.

मधला मार्ग: हवेचं किट 40, स्मार्ट चार्जर 40, विंटर स्टँड 50, क्लीनर 12, सीलचं वंगण 8. एकूण 150 पौंड, आणि क्लीनर-वंगण सोडलं तर पुढच्या वर्षी पुन्हा खर्च नाही.

सगळं दुसऱ्याकडून: पाणी काढणं 60, सर्व्हिस 260, मापाचं कव्हर 350. एकूण 670 पौंड.

आणि काहीच न केल्यास: नळ मजुरीसह 150, पंप 30 ते 100, बॅटरी 120. बॉयलर फुटला तर बसवण्यासकट 800 पौंडांच्या पुढे.

हे आकडे शेजारी ठेवून पाहिले की कळतं, पहिल्या आणि शेवटच्या ओळीतला फरक एका रविवारच्या सकाळचा आहे. पैसे कमी असतील तर वरून खाली या, खालून वर जाऊ नका. कव्हर घेतलं आणि पाणी तसंच राहिलं, असं झालेल्या व्हॅन आमच्याच यार्डात आहेत.

मार्चमध्ये

पहिलं पाणी भरताना उलटा क्रम: आधी ड्रेनची तोटी बंद, मग सगळे नळ बंद, मग पंप चालू. पाइप निर्जंतुक करायच्या द्रावणाने धुवा, नवी फिल्टरची कांडी बसवा आणि कपाटांच्या तळाशी हात फिरवून ओल लागते का बघा.

यातलं "नळ बंद" मी एकदा विसरलो आणि शॉवरने मला कपड्यांसकट अंघोळ घातली. तेव्हापासून निघताना पंपाच्या बटणावर एक चिठ्ठी चिकटवतो. त्या ऑक्टोबरात ती आईने लिहिली. नळ उघडे टाकणं तिला शेवटपर्यंत पटलं नव्हतं, पण निदान मार्चमध्ये ते आठवणीने बंद व्हावेत, अशी तिची तळमळ होती. तिच्या ठसठशीत अक्षरातली ती चिठ्ठी मी दर वर्षी नव्या चिकटपट्टीने लावतो: "नळ उघडे आहेत. आधी बंद कर."